पोरं बदलली की बातम्या?

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, शाळेतनं रिटायर झालेली. लहानपणी पेपरात 'रिमांड होममधून मुलं पळाली' असं आलं की आई म्हणायची, बिचारी पोरं. आता त्याच वयाच्या पोराची बातमी टीव्हीवर लागली की आमच्याच घरात सगळे म्हणतात फाशी द्या. पोरं एवढी बिघडली का हो?

उत्तर : काकू, माझ्या मते पोरांपेक्षा बातम्या जास्त बदलल्यात. पूर्वी 'वाट चुकलेला मुलगा' असायचा, त्याच्यामागे घर दिसायचं, पिणारा बाप, सुटलेली शाळा, म्हणून तुमच्या आईला कळवळा यायचा. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत निर्भयावर सामूहिक बलात्कार झाला आणि सगळं फिरलं. सहा आरोपींतला एक अठराला काही महिने कमी होता आणि चॅनलवर रोज तोच, 'सगळ्यात क्रूर' म्हणून. लोकांचा राग खोटा नव्हता, त्या मुलीचं जे झालं ते आठवलं की आजही झोप लागत नाही, पण त्या एका पोराचा चेहरा देशातल्या सगळ्या पोरांना चिकटला. त्या काळात एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आकड्यांत एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा साधारण १.२ टक्के होता, टीव्ही बघून कुणाला वाटलं असतं का? डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीतला तो मुलगा तीन वर्षं भरून सुटला आणि दोनच दिवसांनी, २२ तारखेला राज्यसभेत नवा बाल न्याय कायदा पास झाला, १६ ते १८ च्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, पण आधी बाल न्याय मंडळ त्याची समज वगैरे तपासतं. आणि फाशी तर त्यातही नाही, त्याच कायद्याचं कलम २१ वाचा.

मग आपलं पुणं. १९ मे २०२४, कल्याणीनगर, एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि काही तासांत त्याला ३०० शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन. चीड येणारच, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टरांनाही अटक झाली. पण बघा, तिथे बातमीत 'बिल्डरपुत्र', आणि त्याच शहरात वस्तीतल्या पोरांना 'कोयता गँग'. एकाला बापाची ओळख, दुसऱ्याला हत्याराची, मुलगा दोन्हीकडे गायब! जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोर्शेवाल्या मुलाला प्रौढ धरायला नकार दिला, त्यामागची कारणं समजावून सांगायला निबंधाएवढी जागा कुणी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

सरकारी कागदात आता 'बालगुन्हेगार' नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' लिहितात. शब्द जड आहे, पण निदान त्यात बालक उरलाय. आणि काकू, तुमच्या फॅमिली ग्रुपवर अशा पोराचा फोटो किंवा शाळेचं नाव आलं तर पुढे पाठवू नका, घरच्यांनाही सांगा, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.