आधी मासे, मग टाकी

प्रश्न : माझा दादा गेल्या महिन्यात अचानक गेला. त्याला माशांचं वेड होतं. घरात तीन टाक्या आहेत. मोठी तीनशे लिटरची, तिच्यात एक ऑस्कर आणि जवळजवळ हातभर लांबीचा सकर. दुसरी शंभर लिटरची, झाडं लावलेली, तिच्यात निऑन टेट्रांचा थवा. तिसरी अगदी छोटी, तिच्यात एकटा फायटर. वहिनीला यातलं काही कळत नाही. ती दिवसातून दोनदा खाणं घालते आणि आवाजाने झोप लागत नाही म्हणून रात्री फिल्टर बंद करते. पाणी गढूळ व्हायला लागलंय. एक नातेवाईक मोठी टाकी स्टँडसकट न्यायला तयार आहेत, पण 'रिकामी करून द्या' म्हणतात. माझा भाचा म्हणतो, मासे तळ्यात सोडून देऊ. काय करावं?

उत्तर : ताई, आधी त्या नातेवाइकांना थांबायला सांगा. रिकामी टाकी न्यायला माणसं मिळतात. म्हातारा ऑस्कर आणि हातभर सकर न्यायला कुणी मिळत नाही. टाकी गेली की तुमच्याकडे उरतील बादलीतले मासे, आणि मग भाच्याचं तळं जवळचं वाटायला लागेल. टाकी, स्टँड, फिल्टर हेच तुमच्या हातातलं आमिष आहे. जो मासे नेईल त्यालाच सामान, ही अट कुणाच्याही भिडेखातर मोडू नका.

पण घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. वहिनींना आज रात्रीपासून फिल्टर बंद करू देऊ नका. फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. त्यातल्या स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणू वाढलेले असतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांना प्राणवायू लागतो, तो वाहत्या पाण्यातून मिळतो. फिल्टर काही तास बंद राहिला की ते मरायला लागतात, आणि बंद डब्याचा फिल्टर असेल तर सकाळी चालू केल्यावर आतलं कुजकं पाणी सरळ टाकीत येतं. ही वसाहत नव्याने उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी गढूळ होण्याचं एक कारण हे, दुसरं दोन वेळचं खाणं. आवाज बहुतेक हवेच्या पंपाचा असेल. त्याच्याखाली जाडसर फोम ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर झोपायची खोली बदला, पण फिल्टर चालू राहू द्या.

खाणं दिवसाआड, तेही दोन मिनिटांत संपेल इतकंच. मोठे धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. मालक गेल्यावर मासे दगावतात ते बहुधा मायेने घातलेल्या जास्तीच्या खाण्याने. वहिनींना हे सांगताना सांभाळून सांगा. दादांसाठी म्हणून त्यांच्या हातून होणारं हे एकच काम असेल.

पाणी बदलताना एकदम अर्धी टाकी उपसू नका. बरेच दिवस पाणी न बदललेल्या टाकीत आम्लता वाढलेली असते. अशा पाण्यात अमोनिया कमी विषारी रूपात पडून असतो. भरपूर ताजं पाणी ओतलं की आम्लता झटकन उतरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. पाणी स्वच्छ दिसायला लागतं आणि मासे संध्याकाळपर्यंत उलटे. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा टक्के बदला. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन काढणारं औषध घाला. दादांच्या कपाटात बाटली सापडेलच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा.

झाडांच्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असेल तर त्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाका. झाडं जरा मंदावतील, शेवाळ येईल, माशांचं काही बिघडणार नाही. उलट, माहीतगार लक्ष ठेवायला नसताना तो गॅस चालू राहणं जास्त धोक्याचं.

आता घरं शोधण्याविषयी. टेट्रा आणि फायटर यांची चिंता नको, त्यांना कुणीही नेईल. टेट्रा मात्र पूर्ण थवाच द्या, दोन-चार करून वाटू नका. एकटे पडले की ते भेदरून कोपऱ्यात बसतात. खरा प्रश्न ऑस्कर आणि सकरचा. ऑस्कर फूटभर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. सकर त्याहून मोठा होतो. सार्वजनिक मत्स्यालयांकडे असे देऊ केलेले मासे इतके येतात की बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. दुकानदार घेईल, पण त्याच्याकडे जागा कुठली ते डोळ्यांनी पाहून या. सगळ्यांत बरे हौशी पाळणारे. दादांचा फोन उघडता येत असेल तर त्यांच्या मासेवाल्या मित्रांचे गट पाहा. माशांचे फोटो काढा, शेजारी पट्टी धरून लांबी कळू द्या, आणि तिन्ही टाक्यांची मापं, फिल्टर, हीटर यांची यादी सोबत टाका.

न्यायला येणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : टाकी किती लिटरची, किती महिन्यांपासून चालू आहे, आणि तिच्यात आणखी कोण आहे. 'उद्या नवी घेतो' म्हणणाऱ्याला मासे देऊ नका. दिलेच तर दादांच्या चालू फिल्टरसकट द्या.

तळ्याची गोष्ट कुणी पुन्हा काढली तर ठाम नाही म्हणा. बहुतेक पाळीव मासे तिथे मरतात, आणि जे जगतात ते जास्त वाईट. सकर काठाला बिळं पाडतो, काठ ढासळतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्कर ठाण मांडून आहेत. हिंद आणि प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 साली फ्लोरिडाजवळ पहिल्यांदा आढळला. तो हौशी टाक्यांतूनच सुटला असं मानलं जातं, आणि आज तो सगळ्या कॅरिबियन समुद्रात आहे. टाकीतली झाडं आणि गोगलगायीसुद्धा बाहेर फेकायच्या नाहीत.

हलवायच्या आदल्या दिवशी खाणं बंद. हीटर बंद करून अर्धा तास पाण्यातच राहू द्या, नाहीतर काच तडकते. आधी दगड-लाकडं काढा, पाणी तिसऱ्या हिश्शावर आणा आणि मग मासे पकडा. भरल्या टाकीत जाळं फिरवत बसलात तर मासे आणि माणसं दोघंही दमतात. सकरचे काटे जाळ्यात अडकतात, पिशवीही फाडतात. त्याला डब्यात घ्या आणि झाकणाच्या बादलीत ठेवा. ऑस्करलाही झाकण हवंच, तो उडी मारतो. फिल्टरचा स्पंज आणि खडे टाकीच्याच पाण्यात, उघड्या डब्यात न्या. टाकीत पाणी किंवा खडी ठेवून ती उचलू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब तुम्हीच करा. नव्या जागी पाणी भरून एक दिवस गळते का पाहायला सांगा.

आणि सगळं देऊन टाकण्याआधी वहिनींना एकदा विचारा. फायटर छोट्या टाकीत, थोड्या कामात राहतो. हवा असेल तर राहू दे त्यांच्याकडे. नको म्हणाल्या तर पुन्हा विचारू नका. दादांची आठवण म्हणून कुणाच्या गळ्यात टाकी बांधणं मला पटत नाही.

प्रश्न : माझं वय बहात्तर. घरी प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. माझ्या माघारी घरच्यांची धांदल होऊ नये म्हणून काय लिहून ठेवू?

उत्तर : काका, एका पानापेक्षा जास्त लिहू नका, कुणी वाचणार नाही. पहिली ओळ : पाणी आटलं की वर गोडं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडून जात नाही. दुसरी : कोणता प्लग कधीच काढायचा नाही, त्या प्लगवरही चिठ्ठी लावा. तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची : दगड घासायचे नाहीत, त्यांच्यावर उकळतं पाणी ओतायचं नाही. दगडांवर वाढणाऱ्या काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं आणि त्याच्या वाफेने घरंच्या घरं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. टाकी मोडायला माहीतगारच बोलवावा. तो कोण, हे आजच ठरवा, त्याचा होकार घ्या आणि नाव त्याच पानावर लिहा. क्लाउनफिश टाकीत वीस वर्षंसुद्धा जगतो, तेव्हा तो माणूस तुमच्याहून तरुण असलेला बरा. मग ते पान घरच्यांच्या हाती देऊन चार दिवस बाहेर जा आणि फोन घेऊ नका. परत आल्यावर पानात काय राहिलं ते कळेल.