हस्ताचा पाऊस आणि कापणीला आलेलं सोयाबीन

लातूर, औसा, तुळजापूर भागातून या आठवड्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच माळेचे मणी आहेत. सोयाबीन वाळलंय, दुपारनंतर आभाळ भरून येतंय, हवामान खातं ‘तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस’ म्हणतंय. काढू का थांबू? शिवाय दुकानदार सांगतोय, तणनाशक मारा, चार दिवसांत रान वाळेल. मारू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मारू नका. पॅराक्वाट नाही, ग्लायफोसेट नाही, ‘नवीन आलंय’ म्हणून हातात ठेवलेली बाटलीही नाही. पान करपतं म्हणून रान वाळल्यासारखं दिसतं. शेंगेतला हिरवा दाणा मात्र सुरकुततो आणि वजनात मार खातो. तेच भुसकट पुढे जनावरांपुढे टाकणार ना? पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे दुकानदार सांगत नाही. त्याचा माल खपतो, तुमचा खराब होतो.

आता पावसाचं. मोसमी वारे राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला माघारी फिरायला लागतात, आपल्याकडून निघायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. तोवर सकाळी लख्ख ऊन आणि तीन-चार वाजता काळंकुट्ट, हे असंच चालणार. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र होऊन तेलंगणावरून इकडे सरकलं तर मुक्कामी पाऊसही होतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर २५ टक्के ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. म्हणजे शेजारच्या शिवारात झोडपून काढील आणि तुमचा बांध कोरडा राहील. अंदाज जिल्ह्याचा असतो, तुमच्या गटाचा नसतो. यलो अलर्ट बघून घरी बसू नका. ऑरेंज आला तर मात्र विळा खुंटीला.

९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या असतील तर काढणी सुरू करा. थांबलात तर शेंगा तडकतील. पण सगळं रान एका दिवसात आडवं करू नका. मजुरांची टोळी मिळाली म्हणून पाच एकर कापून ठेवायचं आणि ताडपत्री शोधत फिरायचं, हे दरवर्षी बघतो. जेवढं संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच कापा. सकाळी दव असताना कापा, शेंग कमी फुटते. मळणी उन्हं तापल्यावर.

बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंजी, उंचवट्यावर लावा, बाजूने चर काढा. ओलं काड मेनकापडाखाली दाबून ठेवू नका. मागच्या हंगामात एका रानात बनीम उघडली, तर आत हात घालवेना इतकी गरम, वास आंबूस, शेंगेतल्या शेंगेत कोंब. पावसाचं पाणी वरून गेलंच नव्हतं, ओलं काड झाकलं होतं. ऊन पडलं की झाकण काढा, वारं लागू द्या, आभाळ आलं की परत झाका. कटकट आहे, पण तेवढी करावी लागते.

घरचं बियाणं ठेवणार असाल तर मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर नेऊ नका. भिजलेला माल बियाण्याला धरू नका, कोणी कितीही पावडर चोळून दिली तरी. विक्रीच्या मालात ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा.

कपाशी आणि तुरीवर या आठवड्यात फवारणीची घाई नको. किमान चार-पाच तास उघडीप मिळणार असेल तरच पंप पाठीला लावा. बोंडं सडताना दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम, बास. २५ चे ५० केले म्हणून दुप्पट गुण येत नाही, पान जळतं. त्यात कीटकनाशक, टॉनिक, विद्राव्य खत अशी खिचडी करू नका. दुकानातून चार पुड्या आणल्या म्हणून चारही एकाच टाकीत जात नाहीत. तुरीत पाणी तुंबलं असेल तर आधी ते काढून द्या. मुळं गुदमरलेल्या झाडाला कोणतंही औषध लागू पडत नाही.

खरं तर ज्यांनी रुंद वरंबा-सरीवर पेरलं, त्यांचे फोन फारसे आलेले नाहीत. या पद्धतीचं, म्हणजे बीबीएफचं, तुणतुणं मी सहा वर्षं वाजवतोय. हरभऱ्याला तरी ऐका. पण वाफसा, म्हणजे चिखल सुकून पेरणीजोगी ओल, आल्याशिवाय पेरू नका, चिखलात पेरलेलं बी कुजतं.

नुकसानीचं थोडक्यात: खरीप २०२५ पासून राज्यात पीकविमा पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत कापून मोजलेल्या, उत्पादनावर मिळतो, काढणीनंतर भिजलं म्हणून वेगळी भरपाई नाही. ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर सरकारी मदतीसाठी पंचनामा करून घ्या, ई-पीक पाहणी (मोबाइलवरची पिकाची नोंद) आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) तपासून ठेवा.

मोबाइलमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा. वीज जवळ आल्याचा इशारा आला की रान सोडून पक्क्या घरात जा, बांधावरच्या लिंबाखाली नको. ताडपत्री अर्धी राहिली तरी राहू द्या.