पाण्याकाठचे प्रश्न : आवर्तन सुटलं का, ते आधी विचारा

आप्पा, नमस्कार. दिवाळीनंतर दोन्ही मुलांना (वय १० आणि १३) घेऊन सातपुड्यातल्या एखाद्या धरणावर एक रात्र तंबूत राहायचं मनात आहे. गळ टाकून मासेही धरायचेत. मित्र म्हणतो, अनेरला जा, तिथं कोणी विचारत नाही. सोबत काय न्यावं, कुठं बसावं?
– एक वाचक, भुसावळ

भाऊ, मुलांना पाण्यावर नेताय हे वाचून फार बरं वाटलं. पण अनेरचं नाव आधी खोडा. शिरपूर तालुक्यातलं ते धरण अभयारण्यात येतं. तिथं मुक्काम नको आणि गळही नको, कोणी विचारो न विचारो. रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या बाजूला जाणार असाल तर यावल अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते, ते वन विभागाच्या नाक्यावर विचारूनच पुढं सरका. डोंगरातल्या धरणाला तीन धनी असतात. भिंत जलसंपदा विभागाची, डोंगर वन विभागाचा आणि मासा ज्या मच्छीमार संस्थेनं ठेका घेतला तिचा. संस्थेचे भोई-कोळी बांधव पदरचे पैसे घालून बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिलं, सोडतात, तेव्हा कुठं तुमच्या गळाला रोहू लागतो. त्यांना विचारा, जे काही शुल्क असेल ते द्या. मग तेच लोक जागा दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली, म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. निघण्याआधी धरणाच्या चौकीदाराला फोन करून विचारा, आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीनं सोडायचं पाणी, सुटलं का? रब्बीचं पाणी कालव्याला सुटलं की धरण रोज थोडं थोडं उतरतं. उथळ काठाला चरायला येणारा मासा आत सरकतो, आणि काल जिथं गळाच्या दोऱ्यावरचा तरंगा बुडत होता तिथं आज दिवसभर हलत नाही. अशा वेळी पसरट काठ सोडा आणि डोंगराचा उतार जिथं थेट पाण्यात घुसतो तिथं बसा. जुन्या नाल्याचं पात्र धरणात बुडालेलं असतं, तीही चांगली जागा.

पाणी उतरलं की मागं जो काठ उघडा पडतो, त्याची मला खरी काळजी वाटते. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो. भेगेत काठी खुपसून बघा. चार बोटं कडक पापुद्रा आणि खाली लोण्यासारखा गाळ. दहा वर्षांचं पोर पळत गेलं तर गुडघ्यापर्यंत रुततं, आणि पाय ओढायला गेलं की दुसराही रुततो. म्हणून मुलांना आधी सांगा, काठीनं चाचपल्याशिवाय पुढं पाऊल नाही. पोहणंही नाही. डोंगरातल्या धरणाचा तळ एकदम खोल जातो.

तंबू या पट्ट्यात लावू नका. दगडांवर पांढुरकी रेघ दिसते, तिथवर धरण भरतं. तिच्याही वर, जुनी झुडपं असतील तिथं लावा. नाल्याच्या तोंडाशी नको, सांडव्याखाली तर मुळीच नको. तंबूची चेन कायम बंद ठेवा आणि सकाळी बूट झटकून घाला, फुरसं हा विषारी साप आपल्या भागात कमी नाही. चूल मांडू नका, गॅसची छोटी शेगडी न्या. सागाचा पाला वाळलेला असतो, एक ठिणगी पुरते. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घरूनच बांधून घ्या, मासा मिळाला तर मिळाला. पिण्याचं पाणीही घरचंच. रात्री सातपुड्यात गारठा चांगलाच असतो, पोरांना कानटोप्या घाला.

आता गळ. मुलांसाठी रीळ नको, साधी बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), बारीक गळ, शिशाचा मणी आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा. रावेर-यावलकडून जात असाल तर एखाद्या केळीवाल्याला विचारून कुजलेलं खोड उलटा, खाली हवी तेवढी गांडुळं मिळतील. रोहू-मृगळसाठी कणकेत शेंगदाण्याची ढेप (पेंड) कुटून मळा, गोळी वाटाण्याएवढी. मृगळ तळाशी चरतो, कटला वरच्या थरात, रोहू मधे. त्यामुळे तरंग्याखाली दोरा किती सोडायचा ते मुलांना सांगू नका, त्यांनाच वरखाली करून शोधू द्या. मृगळ तोंड लावतो तेव्हा तरंगा आधी नुसता थरथरतो, कधी आडवा पडतो. तेव्हा काठी हिसकायची नाही. तरंगा सरळ चालायला लागला की मनगटानं हलकेच उचलायचं. गवताच्या कडेला पाण्यावर ‘गुबूक’ असा आवाज झाला तर बहुधा मरळ आहे, हवा घ्यायला वर येतो. पावसाळ्यात त्याच्याजवळ लालसर पिलांचा थवा दिसला तर तिथं गळ टाकू नये. आई-बाप राखण करत असतात, ते उचलले की पिलं गेलीच.

शिंगाळा मासा गळाला लागला तर मुलांच्या हाती देऊ नका. कल्ल्यामागचे दोन आणि पाठीवरचा एक काटा फार झोंबतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. सूज वाढली तर डॉक्टरकडे.

आप्पा, धरणाच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून घरात कोणी खात नाही. काही उपाय?
– एक वाचक भगिनी, नंदुरबार

ताई, पाण्यातल्या शेवाळात आणि सूक्ष्म जिवांत जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते माशाच्या कातडीत आणि चरबीत मुरतं. आंबटानं ते मोडतं. कातडी काढा, पोटाकडची चरबी आणि आतला काळा पापुद्रा खरवडून टाका. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवा, मग धुऊन घ्या. भाजलेला कांदा-खोबरं आणि आपला काळा मसाला घालून रस्सा करा. मासा भोयांकडून सकाळीच घ्या, डोळे चकचकीत आणि कल्ले लाल बघून.