आभाळ एका फोटोतलं, देऊळ दुसऱ्यातलं

प्रश्न : मंगेशीला संध्याकाळी ट्रायपॉड लावून दोन फोटो काढले. एकात आभाळ सुरेख आलंय, पण सात मजली दीपस्तंभ काळवंडलाय. दुसऱ्यात दीपस्तंभ स्वच्छ आणि आभाळ पांढरंफटक. फोटोशॉपमध्ये उजळ फोटो वर ठेवून त्यातलं आभाळ इरेजरने पुसलं, तर स्तंभाच्या कडेला पांढरी रेघ राहते आणि माडांची चुडतं तुटकी दिसतात. — एक वाचक, फोंडा

उत्तर : इरेजरऐवजी मास्क, म्हणजे लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या फोटोंच्या थरावर) घालायचा काळा-पांढरा पडदा वापरा. इरेजरने पुसलेलं परत येत नाही, मास्क नुसता झाकतो. मास्क पांढरा तिथे वरचा लेयर दिसतो, काळा तिथे लपतो, राखाडी तिथे अर्धवट.

फाइल मेनूतल्या स्क्रिप्ट्समध्ये ‘लोड फाइल्स इंटू स्टॅक’ घ्या आणि आपोआप अलाइन करण्याच्या चौकटीत खूण करा. ट्रायपॉड असला तरी बटण दाबताना कॅमेरा थोडा हलतोच. उजळ फोटो वर ठेवा, पण लेयरच्या यादीत त्याच्यापुढचं डोळ्याचं चिन्ह तूर्त बंद करा, कारण मास्क काळवंडलेल्या फोटोतून काढायचाय. उजळ फोटोत स्तंभही पांढरा आणि आभाळही पांढरं. वेगळं काय काढणार?

चॅनेल्समध्ये, म्हणजे फोटोतल्या एकेका रंगाच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत, लाल, हिरवा, निळा एकेक पाहा. आभाळ निळं असेल तर बहुधा निळा चॅनेल कामाचा, मावळतीचं केशरी असेल तर लाल. फरक जास्त दिसेल त्याची प्रत करा, कंट्रोल-एल दाबून लेव्हल्सचे (उजेड-अंधार कमीजास्त करण्याच्या खिडकीतले) काळे-पांढरे त्रिकोण आत सरकवा. कडेला थोडा राखाडी राहू द्या, नाहीतर कड करवतीसारखी होते. मग कंट्रोल-आय ने उलटं करा : देऊळ पांढरं, आभाळ काळं. देवळातल्या दिव्यांचे काळे ठिपके ब्रशने पांढरे करा. कंट्रोल धरून प्रतीच्या छोट्या चित्रावर क्लिक करा म्हणजे पांढरा भाग निवडला जातो, मग आरजीबीवर (तिन्ही रंगांच्या एकत्र चॅनेलवर) परत या, वरच्या लेयरचा डोळा उघडून तो निवडा आणि मास्क जोडा.

पांढरी रेघ येते ती कडेच्या पिक्सेलमध्ये जळालेलं आभाळ मिसळल्यामुळे. मास्क निवडून फिल्टर, अदर, मिनिमम, १ पिक्सेल. पांढरा भाग तेवढा आत सरकतो. वर कड मऊ करायला अर्धा पिक्सेल गॉशियन ब्लर पुरे.

चुडतांचा इलाज मास्कच्या कडेत नाही. दोन क्लिकांच्या मधे वाऱ्याने ती हलली, म्हणजे दोन्ही फोटोंत त्यांची जागाच वेगळी. माडांवर मऊ काळा ब्रश फिरवा आणि खालच्या फोटोतली काळी चुडतंच ठेवा. मावळतीला माड काळे दिसतातच. ते उजळवायचा हट्ट कशाला? शेवटी पीएसडी, म्हणजे लेयर आणि मास्क शाबूत ठेवणारी फोटोशॉपची फाइल, जपून ठेवा.

प्रश्न : मास्कवर ब्रश फिरवला की फोटोवरच काळं फासलं जातं. — एक वाचक, मडगाव

उत्तर : लेयरच्या ओळीत दोन छोटी चित्रं असतात, फोटोचं आणि मास्कचं. ज्याच्याभोवती चौकट, त्यावर ब्रश चालतो, आणि तुमची चौकट फोटोभोवती आहे. कंट्रोल-झेड करा, मास्कच्या चित्रावर क्लिक करा आणि मगच ब्रश उचला.