फ्रंट ऑफिसशी खटका उडतोय? आधी तिच्याशी बोला, पण वेळ बघून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळंगुटच्या हॉटेलात तुम्ही हाउसकीपिंग सुपरवायझर आहात. फ्रंट ऑफिसची एक सहकारी पाहुण्यांच्या देखत आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हाउसकीपिंगमुळे रूम अडली" असं सारखं म्हणते. मॅनेजरकडे जावं की सोसावं?

याच किनाऱ्यावरच्या हॉटेलांत माझी बरीच वर्षं गेली, आधी हाउसकीपिंगला, मग ड्युटी मॅनेजर म्हणून. माझं मत विचाराल तर आधी तिच्याशी बोला. पण ग्रुपवर नको, आणि अकरा ते तीनच्या मध्ये तर मुळीच नको.

का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. चेकआउट अकराचा, चेक-इन दोनचा. मुंबई-पुण्याच्या रात्रीच्या बसने म्हापशाला उतरलेली मंडळी नऊलाच बॅगांसकट लॉबीत हजर, त्यात मोपाला सकाळच्या विमानाने आलेल्यांची भर. रविवारी तर निम्मं हॉटेल एकदम रिकामं होतं. चेकआउटच्या खोलीला अर्धा-पाऊण तास लागतोच, कारण बाथरूममध्ये वाळू, गादीवर वाळू, कपाटातसुद्धा वाळू (कपाटात ती कशी पोचते हे मला अजून उमगलेलं नाही). हाउसकीपिंगची मुलं खोलीत राबत असतात, पण तिच्या स्क्रीनवर ती खोली फक्त 'डर्टी' दिसते. काम अर्ध्यावर आलंय की लाँड्रीतून चादरीच आलेल्या नाहीत, हे तिला दिसत नाही. आणि पाहुणा ओरडतो तो तिच्या तोंडावर. म्हणून काही सहकाऱ्यांना चारचौघांत उघडं पाडणं माफ होत नाही. पण ती दुष्टपणाने वागते असं धरून चाललात तर बोलणं पहिल्याच वाक्याला फिसकटेल.

"तू नेहमी आमच्यावरच ढकलतेस" अशी सुरुवात केलीत, की तीही मिनीबार आणि हरवलेल्या चाव्यांची जुनी खाती उघडणार. एकच प्रसंग घ्या, ताजा. साधारण असं: "शनिवारी ते कुटुंब काउंटरवर असताना तू 'हाउसकीपिंग झोपलंय' म्हणालीस. आमची दोन मुलं ट्रॉली घेऊन मागेच उभी होती, त्यांना लागलं. मलाही. उशीर झाला हे खरं, चादरी साडेबाराला आल्या. पुढच्या वेळी आधी मला फोन कर. मी जी वेळ सांगेन तीच पाहुण्याला सांग." एवढं बोलून थांबा आणि तिचं ऐका. "खोली तयार झाली तरी तुम्ही सिस्टीममध्ये टाकत नाही" हे बहुधा येणारच. ते खरं असेल तर तिथंच कबूल करा.

भाषेचंही बघा. आपल्याकडे चहाला कोकणी-मराठी चालते आणि चिडलं की माणूस इंग्रजीत शिरतो. मग साधी तक्रारसुद्धा मेमो मिळाल्यासारखी वाटते. तिच्याशी एरवी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत बोला.

नुसतं मन मोकळं करून मात्र भागणार नाही, उद्या सकाळी पुन्हा तीच बस येणार आहे. लवकर येणाऱ्यांची यादी तिने साडेआठपर्यंत द्यायची, रात्रीपासून तयार असलेल्या खोल्या आधी त्यांना लावायच्या, बाकीच्यांची क्रमवारी दोघांनी ठरवायची. हे घेऊन मॅनेजरकडे दोघं मिळून जा. तक्रार म्हणून एकटं जाण्यापेक्षा मॅनेजर ते जास्त ऐकतो. ग्रुपवर तिने पुन्हा टोमणा मारलाच तर उत्तर एवढंच: "२०४, १.४० ला तयार."

शिवीगाळ, 'घाटी' किंवा 'भायले' (बाहेरचे) म्हणून हिणवणं सुरू असेल तर चहावर मिटवत बसू नका, लेखी द्या. लैंगिक त्रासाची बाब तर वेगळीच. २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते आणि महिलेने साधारणपणे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तिथे तडजोडीचा विचार फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच होतो, आणि तोही पैसे देऊन नाही. "आपापसात मिटवा" म्हणणाऱ्या मॅनेजरकडे सरळ दुर्लक्ष करा.

तुमचं प्रकरण तिथवर गेलेलं दिसत नाही. दुपारी साडेतीननंतर काउंटर शांत असतो, तेव्हा गाठा तिला. आणि चतुर्थीच्या रजांची यादी लागायच्या आत हे उरकून घ्या. एकदा ती लागली की कोणाला रजा मिळाली नि कोणाची कापली यावरून निम्मा स्टाफ एकमेकांशी अबोला धरून बसतो, मग तुमच्या २०४ चं कोण ऐकणार?