घरासाठी जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा?

दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या आणि वीज गेल्यावर काय चालायलाच हवं तेवढंच लिहा. पंखे, एलईडी दिवे, टीव्ही, वायफाय मिळून जेमतेम 400-500 वॉट होतात. खरा घोळ मोटरवाल्या वस्तूंचा. विहिरीवरचा 1 एचपीचा पंप चालताना हजारेक वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त ओढतो. फ्रिजचंही तेच. म्हणून बेरीज करताना सगळ्यात मोठ्या मोटरचा हा झटका धरा, आणि चालवताना आधी पंप एकटा सुरू करून मग बाकीचं जोडा.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- केव्हीए (जनरेटरवर लिहिलेली क्षमता) म्हणजेच किलोवॉट समजतात. साधारण 0.8 ने गुणा. 5 केव्हीएचे 4 किलोवॉटच.
- गीझर, इस्त्री जोडतात. (त्यापेक्षा बंब पेटवा!)
- चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइनची किंवा जनरेटरची, एकच वीज घरात येऊ देणारा) न लावता सॉकेटमधून घरात वीज सोडतात. ती उलटी बाहेरच्या तारांत जाते. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी खेळ आहे हा.
- पावसात भिजू नये म्हणून पडवीत ठेवतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. बाहेर, खिडक्यांपासून लांब, वर पत्रा टाकून ठेवा.

फेज, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) वगैरे नंतर बघू. आधी तुमची यादी टाका, पंपाच्या पाटीवरचा एचपी न विसरता.