ईडीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. 'ईडी भरतेय' म्हटल्यावर पुण्याची आजी दचकली, हे वाचून हसू आवरेना. पण त्याखालचा तुझा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही: मी अर्ली डिसिजन (अमेरिकी कॉलेजला 'जागा दिलीत तर येईनच' असं बांधून घेऊन केलेला लवकरचा अर्ज) भरला, तर मैत्रिणीवर अन्याय होतो का?

आधी बाबांना विचार, कॉलेजकडून आर्थिक मदत मिळाली नाही तर चार वर्षांचा खर्च झेपेल का. उत्तर 'बघू' असेल, तर भरू नकोस. कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती भरावं लागेल याचा अंदाज देणारा) असतो, त्यांना तो कायद्यानेच ठेवावा लागतो. आईबाबा दोघांना शेजारी बसवून खरे आकडे घाल.

आमच्या लेकीच्या वेळी करारावर तीन सह्या होत्या: तिची, शाळेच्या कौन्सिलरची आणि माझी. चकलीचं पीठ लागलेला हात पदराला पुसून मी न वाचताच सही ठोकली. रात्री वाचलं. डिसेंबरच्या मध्यात 'हो' आलं की जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत अपुरी पडली तर सुटका आहे, पण चार कॉलेजांची मदतपत्रं समोर मांडून निवडता येत नाही. निकालापर्यंत मला धड झोप नव्हती.

तुझी मैत्रीण अडते ती इथेच. हुशारीत ती तुझ्यापुढे आहे, हे तूच सांगितलंस. किंमत न बघता 'हो' म्हणणं तिच्या घराला परवडत नाही. कॉलेजला मात्र नक्की येणारी मुलं आधीच मिळतात, जागांची धाकधूक तेवढी कमी.

२००६ मध्ये हार्वर्डने आपला अर्ली प्रवेश (तो तर बंधनकारकही नव्हता) बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुस्थितीतल्यांचंच फावतं, हे कारण त्यांनीच दिलं. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठही पाठोपाठ गेले. येल, स्टॅनफर्ड जागचे हलले नाहीत. २०११ पर्यंत तिघांनीही माघार घेऊन अर्ली प्रवेश पुन्हा आणला. अशा गडगंज संस्थांना जे पेललं नाही, ते तू एकटीने पेलावंस असं मी कशी म्हणू? झेपत असेल तर खुशाल भर. फक्त जागा मिळाली तर ती निव्वळ गुणांची म्हणून मिरवू नकोस.

'हो' आलं की त्याच रात्री बाकीचे अर्ज काढून घे, पेढे नंतर. मैत्रिणीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातील. तिला चालणार असेल तर नाताळच्या सुट्टीत तिचे निबंध वाचायला बस. तुझी सुट्टी मोकळीच असेल.

तुझी,
मावशी